शंभरात किती

रात्रपाळीला यंत्र बंद पडलं की मी डोळ्यांनी मोजते.
काचपट्टीवर ओढलेला रक्ताचा एक थेंब,
डाव्या हाताखाली बटणांची पेटी,
पेशीच्या प्रत्येक जातीला एक बटण.
शंभर झाल्या की पेटी घंटा वाजवते.
एवढंच माझं काम : घंटा होईतो मोजायचं.

इओसिनोफिल नावाची जात शंभरात दोन, तीन.
शेंदरी दाण्यांनी ठासून भरलेली.
ऑक्टोबरात आमच्या खोऱ्यात घरोघरी
मिरच्यांच्या माळा वाळत असतात, साधारण त्या रंगाची.
जंत झाले, दमा असला, तर दहा.
फार तर पंधरा.

ऑर्लिंडा माएस्तास. वय सत्तेचाळीस. विणकर, चिमायो.
बेचाळीस.
भिंग पुसलं. नवी पट्टी केली. वाळायची वाट पाहिली.
चव्वेचाळीस.

सकाळी तिला पाहिलं. खाटेवरून उठवायला दोघं लागली.
दंडाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी,
चिमटीत येईना.
म्हणाली, धोटा उचलत नाही गं.
हातात कुणी ओली लोकर भरून ठेवलीय
आणि ती आता वाळतेय,
आवळतेय.

डॉक्टर बाका विचारत गेले.
डुकराचं मांस, कच्चं? नाही.
कुठे परदेशी? मी? माझ्या मागाला कोण बघेल?
नवं काही औषध?
औषधांच्या वाटेला मी जातच नाही, डॉक्टर.
झोपेसाठी फक्त ते आपलं,
ट्रिप्टोफॅन.
ते काही औषध नव्हे. दुधात असतं. अंड्यात असतं.
दुकानातली पोर म्हणाली,
शरीराचंच आहे, शरीराला परत द्यायचं.

मी नळ्यांचा ट्रे घेऊन दारात उभी.
नळ्या एकमेकींवर किणकिणल्या, तेव्हा कळलं
की हात कापतोय.

माझ्याही उशाला तीच बाटली. पांढरं झाकण, त्यावर हिरवं पान.
रात्रभर जागणाऱ्या बाईने दिवसा झोपायचं तरी कसं?
तीन गोळ्या, कोमट पाणी, खिडकीला घोंगडी.
दोन वर्षं
सुंठीवाचून खोकला जात होता माझा.

घरी फिदेन्सिओ अंडी तळत होता.
मी मेणकापडावर गोळ्या ओतल्या. एकसष्ट.
तो म्हणाला, काय झालं?
म्हटलं, काही नाही, मोजतेय.
मग पोटऱ्या दाबून पाहिल्या. दुखल्या.
पण पोटऱ्या तर रोजच दुखतात, उभ्याची नोकरी.
कालच्यापेक्षा जास्त? आठवेना.
आपलं दुखणं आपण मोजून ठेवत नाही.

त्या रात्री पहिली पट्टी माझी.
बोटाला सुई टोचली, नाव लिहिलं नाही.
एक शेंदरी. बराच वेळ नाही. दुसरी.
सत्त्याऐंशीव्या घरात तिसरी.
घंटा वाजली.
तीन.

आनंद व्हायला हवा होता.
मी दोन्ही बाटल्या दिव्याखाली धरल्या, तिची नि माझी.
तेच पान, तेच झाकण.
बुडाशी छापलेल्या क्रमांकात
शेवटचे दोन आकडे तेवढे वेगळे.

पुढे फोन येत राहिले, दुसऱ्या गावांतून, दुसऱ्या नावांनी.
बाटल्या दुकानांतून उचलल्या.
कुणी म्हणालं, एका कारखान्याच्या मालात खोट होती.
कुणी म्हणालं, तेवढंच नसावं.
मूठमूठ खाल्लं तर दुधातलंसुद्धा
दुधातलं राहत नाही.
मला वादातलं कळत नाही. मला शंभरापर्यंत येतं.

ऑर्लिंडा आता काठी घेऊन चालते, चांगल्या दिवशी.
मागावर अर्धी घोंगडी तशीच आहे म्हणते,
कुणाला हात लावू देत नाही.
तपासणीला आली की विचारते, आज किती?
मी सांगते.
मला किती, ते तिने कधी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं का, कोण जाणे.

झोप? झोप नाहीच.
फिदेन्सिओ म्हणतो, कपभर गरम दूध घे.
घेते. दुधात असतंच की.
मग भर दुपारी उताणी पडून
छताच्या तुळया मोजते. एकोणीस.
परत भिंतीपासून. एकोणीस.